इंजिन सुरू, पायरी आत

गाडीला पायरी असते हे मला माहीत होतं. त्या पायरीला मोटर असते हे साठी उलटल्यावर कळलं. आणि ती मोटर आपल्याला विचारून काही करत नाही, हे कळायला आमच्या ह्यांना खडीवर आपटावं लागलं.

लेक-जावई न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला असतात. एप्रिलमध्ये तिकडच्या शाळांना पंधरवड्याची सुट्टी असते आणि आपल्याकडे त्याच वेळी पंख्याखालीही जिवाची काहिली होत असते, म्हणून आम्ही दोघं तेव्हाच गेलो. जावयांनी आधीच ठरवून टाकलं होतं, हॉटेलं नकोत, कॅम्पर व्हॅन घ्यायची आणि दक्षिण बेट फिरायचं. कॅम्पर व्हॅन म्हणजे काय, असं मी विचारल्यावर नातू म्हणाला, "आजी, गाडीतच घर." घर म्हटल्यावर मला बरं वाटलं. घरातलं मला कळतं.

गाडी जर्मनीत बांधलेली, फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर. भाड्यानं देणारा मुलगा पंचविशीतला, हसतमुख, आणि बोलण्याचा वेग असा की लेकीलाही पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं. गॅसची टाकी कुठे, पिण्याचं पाणी कुठून भरायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, फ्रिज तीन तऱ्हांनी कसा चालतो, पलंग छतातून खाली कसा येतो. शौचालयाची कॅसेट बाहेरून ओढून काढून रिकामी करायची असते, हे ऐकल्यावर माझं लक्ष पुढच्या कशावरच राहिलं नाही. ती कोण रिकामी करणार, हा एकच प्रश्न डोक्यात. (जावयांनी केली. रोज. हे उपकार मी विसरणार नाही.) सगळ्यात शेवटी, कागदांवर सह्या घेता घेता, त्या मुलानं दाराच्या आतल्या बाजूचं एक बटण दाबलं. गाडीच्या पोटाखालून घूं घूं करत ॲल्युमिनियमची एक फळी बाहेर आली. पुन्हा दाबलं, आत गेली. "तुम्ही निघालात की आपोआप आत जाईल, काळजी नको," म्हणाला. नातवानं टाळ्या वाजवल्या. पायरीचा पाठ संपला.

आमची हयात एसटीत चढण्या-उतरण्यात गेली आहे. एसटीची पायरी उंच असते, तिच्यावर गर्दी असते, कंडक्टर ओरडत असतो. पण ती जिथे असते तिथे असते. चढताना होती ती उतरताना नाही, असं कधी झालं नाही. त्यामुळे पायरीकडे बघून उतरायचं असतं ही सवय आम्हाला लागलीच नव्हती. पाय आपले आपण उतरतात.

आता गाडीच्या दाराची उंची काय असते ते सांगते, कारण फोटोत ती कळत नाही. घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची. आमच्या त्या गाडीची आतली जमीन रस्त्यापासून जवळजवळ दोन फुटांवर. मध्ये ती फळी आली की दोन फुटांचे दोन टप्पे होतात, आणि माझ्यासारख्या गुडघ्यांचं बरं चालतं. फळी नसेल तर ती उडी होते. साठीनंतर उडी ही गोष्ट आपण ठरवून मारत नाही.

पायरीशी माझी पहिली झटापट टेकापो तळ्यापाशी झाली. तिथे तळ्याकाठी 1935 साली बांधलेलं एक छोटं दगडी चर्च आहे, आतल्या खिडकीतून थेट निळंशार पाणी आणि मागचे डोंगर दिसतात. बघून आम्ही परत आलो. मी गाडीच्या दाराशी बाहेर उभी राहून चपलेतला खडा काढत होते, नातू आत होता, आणि आजीला चढायला मदत करावी म्हणून त्यानं बटण दाबलं. फळीची कड बरोबर नडगीच्या उंचीला असते. लागलं म्हणजे फार नाही, सालटं गेलं. पण मी चकित झाले ती वेगळ्याच गोष्टीनं. पायरी माझ्या पायाला टेकल्यावरही क्षणभर ढकलत राहिली, मग थांबली. जावई म्हणाले, "तिला कळतं आई, अडथळा आला की थांबते." पुढे त्यांनीच वाचून सांगितलं की तिला कळतं ते इतकंच, की मोटरवर जोर पडतोय आणि वीज जास्त खेचली जातेय. मग ती विजेचा पुरवठा तोडते. म्हणजे आधी तुमच्या नडगीनं जोर लावायचा, मग तिला कळणार. मोठ्या माणसाच्या नडगीचं ठीक आहे, लहान बोटांचं काय? फळीच्या खाली कात्रीसारख्या दुमडणाऱ्या पट्ट्या असतात, आणि आमचा नातू पहिल्याच संध्याकाळी तिथे उकिडवा बसून त्या पट्ट्यांत काडी घालून बघत होता. काडी तुटली. लेकीनं त्याला दंडाला धरून उचललं आणि बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. घरात गॅसच्या बटणाला लहान मुलांनी हात लावायचा नाही हे कुणी सांगावं लागत नाही. पायरीच्या बटणाचं सांगावं लागतं.

ह्यांचं पडणं आओराकीच्या पायथ्याशी झालं. आओराकी म्हणजेच माउंट कुक, 3,724 मीटर, न्यूझीलंडचं सर्वात उंच शिखर. तिथे संवर्धन खात्याचं व्हाइट हॉर्स हिल नावाचं कॅम्पिंगचं मैदान आहे. रात्री एवढी थंडी की सकाळी समोरच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. काच साफ व्हायला गरम हवा हवी, गरम हवेसाठी इंजिन हवं. जावई पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. निघायचं नव्हतंच, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल.

त्याच्या मिनिटभर आधी हे थर्मास आणायला आत चढले होते. पायरीवरूनच चढले होते. आता बाहेर यायला वळले. एका हातात थर्मास, दुसऱ्यात बिस्किटांचा पुडा, नजर शिखरावर, कारण नेमकं तेव्हाच वर ऊन पडलं होतं. मी बाहेर उभी. घूं घूं ऐकू आलं, वळून पाहिलं, तर फळी आत चाललीय आणि हे बाहेर येताहेत. दोन्ही गोष्टी मला स्पष्ट दिसल्या. त्या दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे हे डोक्यात शिरेपर्यंत हे खाली होते. ओरडायलाही जमलं नाही. ओरडून म्हणायचं तरी काय, तोंडाशी शब्दच नव्हता.

घोटा मुरगळला, नडगी सोलली, मनगट सुजलं. थर्मास मात्र शाबूत, असं सांगत हे खडीवर बसून हसायला लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. जावयांचा चेहरा पांढराफटक.

साठ-पासष्ट किलोमीटरवर ट्वायझेल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या दवाखान्यात गेलो. परदेशात डॉक्टर म्हणजे किती डॉलरचा खड्डा, याचा हिशेब मी वाटभर करत होते. तिथे एक नवीनच गोष्ट कळली. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून एसीसी नावाची सरकारी अपघात योजना आहे. अपघातात इजा झाली की चूक कुणाची हे न विचारता उपचाराच्या खर्चात ती हातभार लावते, आणि पर्यटकांनाही ती लागू असते. डॉक्टरबाईंनी अर्ज स्वतःच भरून पाठवला. आम्हाला दवाखान्याची वरची फी तेवढी द्यावी लागली. याची दुसरी बाजू अशी की इजेच्या भरपाईसाठी तिथे कुणावर दावा लावता येत नाही. आणि परतीचं विमान चुकलं किंवा इकडे येऊन पुढचे उपचार घ्यावे लागले, तर ते एसीसी देत नाही. त्यासाठी प्रवास विमाच हवा. आमचा होता. लेकीनं पैसे वाया जाताहेत म्हणत काढला होता.

अर्जावर अपघात कसा झाला ते लिहायची जागा होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, जावयांनी सांगितलं, त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

हाड मोडलेलं नव्हतं. पट्ट्या बांधून आम्ही गाडीत बसलो आणि मग जे सुरू झालं ते प्रत्येक मराठी घरात सुरू होतं तेच. जावई म्हणाले, चूक माझी, मी बघायला हवं होतं. हे म्हणाले, छे, मी बघून उतरायला हवं होतं. लेक म्हणाली, त्या गाडीवाल्यानं नीट सांगायला हवं होतं. तिघंही तावातावानं दोष आपापल्या पसंतीच्या ठिकाणी नेऊन ठेवत होते. मी गप्प होते, कारण मला अजून मूळ गोष्टच उलगडत नव्हती. गाडी निघाली नव्हती. मग पायरी आत का गेली?

रात्री जावयांनी जाडजूड पुस्तिका काढली आणि ह्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवली. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर वीज तयार करायला लागतो, आणि त्याच्याकडून एका तारेवर इशारा जातो. त्या तारेला डी प्लस म्हणतात. हा एकच इशारा पुष्कळ जणांना कामाला लावतो. फ्रिजला सांगतो, आता गाडीच्या बारा व्होल्टवर चाल. घरातल्या बॅटरीला सांगतो, चार्ज हो. आणि पायरीला सांगतो, आत जा. चाकं फिरताहेत का, दारात कोणी आहे का, फळीवर कुणाचा पाय आहे का, यातलं डी प्लसला काही ठाऊक नसतं. त्याला इंजिन तेवढं ठाऊक.

ही व्यवस्था मूर्खपणाची नाही, हेही पुस्तिकेतूनच कळलं. पायरी बाहेर राहिली आणि गाडी तशीच रस्त्याला लागली, तर ती फळी फुटपाथच्या कडेला धडकते. सायकलवाल्याला किंवा कडेनं चालणाऱ्याला लागली तर त्याचा पायच जायचा. म्हणून इंजिन सुरू होताच ती आत घ्यायची, आणि नाहीच गेली तर ड्रायव्हरच्या कानाशी भोंगा वाजवायचा. रस्त्यावरच्या माणसाचा विचार झाला आहे. ड्रायव्हरचाही झाला आहे. दारात उभ्या असलेल्या, हातात थर्मास धरलेल्या माणसाचा झालेला नाही. पायरी बाहेर राहिली तर भोंगा वाजतो. पायरी आत चालली आहे, जपून, असं दाराशी काहीच वाजत नाही. एक दिवा लुकलुकला असता तरी पुरलं असतं. ज्याच्या पायाखालून ती जाणार, त्यालाच खबर नाही. माझं मत विचाराल तर घरातल्या तिघांचा वाद व्यर्थ होता. दोष द्यायचा तर तो इथे द्यावा.

जावयांचे मित्र अमेरिकेत मोठी गाडी घेऊन फिरतात. ते फोनवर म्हणाले, आमच्याकडे पायरी बहुधा दाराशी बांधलेली असते. दाराच्या कडेला चुंबकाचं बटण. दार उघडलं की पायरी बाहेर, लावलं की आत. मुक्कामाला असताना ती सारखी आत-बाहेर करू नये म्हणून बाहेरच ठेवायची कळ असते. ऐकायला छान. पण त्यांच्याकडची रड अशी की रात्री कुणीतरी ती कळ बदलतो, आणि पहाटे दुसरा कोणी सवयीनं दार उघडून पाय टाकतो तेव्हा खाली काहीच नसतं. शिवाय पायरीवर उभं राहून मागच्या मागे दार ओढून घेतलं, तर ती आपल्याला घेऊनच आत जायचा प्रयत्न करते. म्हणजे तिथली पायरी दाराचं ऐकते, इथली इंजिनाचं ऐकते. माणसाचं ऐकणारी पायरी कुणी बनवतं का, हे मी विचारलं. मित्र म्हणाले, "आहे की. हातानं ओढायची."

तशीच एक वानाकाच्या कॅम्पिंगच्या जागेत बघायला मिळाली. शेजारच्या गाडीत एकट्या फिरणाऱ्या एक न्यूझीलंडच्या आजी होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. त्यांच्या गाडीलाही मोटरची पायरी होती, पण तिला त्यांनी कायमची आत ठेवून दिली होती. दारासमोर दोन पायऱ्यांचं प्लास्टिकचं स्टूल, कडेला पिवळी चमकणारी पट्टी. निघताना त्या स्टूल स्वतः उचलून आत ठेवत. विसरलं तर काय, असं मी लेकीकरवी विचारलं. "तर स्टूल मागे राहील. मी नाही पडणार," म्हणाल्या. ह्यांची पट्टी बघून त्यांनी आम्हा दोघांना उतरायची रीत शिकवली. गाडीकडे तोंड, पाठ बाहेर, दाराचं हँडल धरून, शिडीवरून उतरतात तसं. हातात काही नाही. जे न्यायचं ते आधी दारात ठेवायचं, खाली उतरायचं, मग उचलायचं. अशा उतरण्यात पाय आपोआप चाचपडत खाली जातो आणि फळी नसेल तर तसं कळतं. दिसायला बावळट दिसतं. आम्ही उरलेला सगळा प्रवास तसेच उतरलो.

फ्यूजच काढून टाकू, असं हे म्हणत होते. लेकीनं चालू दिलं नाही. भाड्याच्या गाडीत फ्यूजला हात लावायचा नाही असं करारात होतं. मग घरचा कायदा झाला. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर राहील. ज्याला इंजिन सुरू करायचं आहे तो आधी "पायरी!" म्हणून ओरडेल, आणि नातू दाराशी जाऊन बघून "आजी आत, आजोबा आत, पायरी मोकळी" असं उत्तर दिल्याशिवाय किल्ली फिरणार नाही. पोराला एवढं महत्त्वाचं काम आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. एकदा मी नुसती दारात उभी होते तरी त्यानं सगळ्यांना थांबवून ठेवलं.

हास्ट खिंड उतरून पश्चिम किनाऱ्याला लागलो की पाऊस काय असतो ते कळतं. कोकणातला माणूसही तिथे छत्री मिटून गप्प बसेल. तिथल्या एका मुक्कामात पायरी खडी आणि कुजलेल्या पानांनी भरली आणि सकाळी अर्ध्यावर अडकली. इंजिन सुरू केलं, भोंगा सुरू झाला, पायरी हलेना. आमच्या पायरीवर दोनशे किलोपर्यंत वजन चालतं अशी चिठ्ठी होती, पण ते ती पूर्ण बाहेर येऊन घट्ट बसल्यावर. अर्धवट फळीवर पाय ठेवायचा नाही, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. शेजारचा एक गृहस्थ चिखलात आडवा पडला. त्यानं आधी जावयांकडून इंजिन बंद करून किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मग बाटलीतलं पाणी ओतून आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं खडी काढली. तरी हलेना, म्हणून मोटरचा दांडा फळीला जोडणारी पिन काढली, फळी हातानं आत सारली आणि दोरीनं बांधून टाकली. ग्रीस लावू का, असं जावयांनी विचारलं. नको म्हणाला, ग्रीसला खडी चिकटते, कोरडा सिलिकॉनचा स्प्रे मारा.

त्यानंतर ख्राइस्टचर्चपर्यंत आम्ही तिथल्याच एका गावातून घेतलेल्या स्टुलावरून चढलो-उतरलो. माझ्या मते तो सहलीतला सर्वांत निश्चिंत भाग.

आता एक विनंती. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची कितीतरी जोडपी मुलांकडे जातात, आणि मुलं हौसेनं अशी गाडी घेतात. गाडी ताब्यात घेताना तरुण मंडळी गॅस आणि पाण्याच्या टाक्यांत गुंतलेली असतील. तुम्ही मात्र देणाऱ्याला सांगा, पायरी बाहेर काढ, दार उघडंच ठेव, आणि आता इंजिन सुरू करून दाखव. संकोच करू नका, भाषा येत नसेल तर खुणेनं सांगा. पायरी काय करते ते बाजूला उभं राहून बघा. फक्त त्या वेळी तिच्यावर कोणी उभं नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या.